भिंग

वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तपासनीस.
दिवसभर करकरीत नोटांचे ताव उलटायचे;
रेघ हलली, शाई फुटली, की लाल खूण.
खूण पडलेला ताव बाजारात जात नसे.
घरी आले की डोळ्यांवर गार दुधाच्या घड्या
आणि खिशात पदरच्या पैशानं घेतलेलं भिंग.

मी चौदाची. जेलरोडच्या रद्दीवाल्याकडून
किलोच्या भावात मासिकं आणायचे,
मुखपृष्ठ फाटकं असलं तर चार आणे कमी.
गोष्टी आई वाचायची, पाककृती कुसुमताई,
मी जाहिराती.
अत्तराचं पान हुंगायचे; वास रॉकेलचा यायचा.
एका पानावर एकाच बाईचे सहा चेहरे ओळीनं,
सावळ्यापासून दुधापर्यंत, खाली आठवडे छापलेले.
मी मनगट टेकवून पाहिलं:
पहिल्या आठवड्याच्याही अलीकडची निघाले.
म्हणजे अजून सुरूच न झालेली.

ताई आधीपासून 'सावळी, पण नाकीडोळी नीटस'.
तो 'पण' आमचाच, जुना.
मासिकानं त्याला फक्त ट्यूब दिली,
आणि किंमत.
त्या उन्हाळ्यात घरात नवे शब्द आले,
निखार, तजेला, टोन.
देवळाली कॅम्पहून ताईला बघायला आलेल्या बाई
कप बशीत ठेवता ठेवता म्हणाल्या,
'काही लावत नाही का ही?'
जणू न लावणं हा आळस.

बिटको चौकात शकूर मास्तरांच्या टेबलावर
काचेखाली मासिकांतले गळेच गळे.
बायका बोट ठेवायच्या: हा. अस्साच.
मास्तर खडू कानामागे खोचत म्हणायचे,
'गळा शिवतो, ताई. खांदे कागदातले कुठून आणू?'
तरी शिवायचे.
दिवाळीपर्यंत आमच्या गल्लीतल्या अकरा पाठी
एकसारख्या दिसायला लागल्या,
आणि त्यांत आपली नाही याचं मला वाईट वाटलं,
खोटं कशाला बोलू.

एका रात्री ते सहा चेहऱ्यांचं पान
वडिलांना माझ्या उशीखाली सापडलं.
ओरडतील वाटलं. त्यांनी सवयीनं भिंग टेकवलं.
'ये. बघ.'
गाल नव्हता तिथे. नुसते ठिपके,
निळे, गुलाबी, पिवळे, आणि काळे.
'सगळ्यात गोरीतही?'
'सगळ्यांत. काळ्याशिवाय चेहरा कागदावर उठतच नाही.'
मग पान नीट घडी करून परत दिलं.
'छपाई हललीय. आमच्याकडे हा ताव पास झाला नसता.'

मला वाटलं होतं, एवढ्यानं सुटेन.
सुटले नाही. क्लासच्या पैशांतून ट्यूब आणली,
तीन वर्षं लावली,
प्रेसचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत,
मोरीचं दार लावून.

आता भावाची मुलगी, शर्वरी, कॉलेज रोडला राहते.
मासिक तिनं पार्लरमध्येसुद्धा उघडलेलं नाही.
क्रीमवाल्यांनी नावं बदलली, 'गोरं' खरवडून काढलं.
जाहिरातीत सावळी मुलगी हसते,
'जशी आहेस तशीच सुंदर आहेस' म्हणते,
आणि तिच्या हनुवटीखाली खरेदीचं बटण.

तिनं फोटो दाखवला, गोदाघाटावरचा.
मागे नारोशंकराची घंटा, ओळखीची.
पुढे कुणी गुळगुळीत, परकी.
'ही कोण गं?'
'अगं आत्या, मीच की!'
मी कपाटातून भिंग काढलं, काचेवर टेकवलं.
लाल, हिरवे, निळे.
पुन्हा पाहिलं. काळा ठिपका कुठेच नाही.
काळं म्हणजे इथे फक्त
दिवा बंद.

हे तिला सांगावं की नाही, ठरेना.
तोवर ती भिंगाखाली पाचशेची नोट धरून बसली होती.
'आजोबांनी तपासली असेल ही?'
'नाही. ते गेले तेव्हा पाचशेचा रंग वेगळा होता.'
'म्हणजे नोटेचासुद्धा बदलतात?' म्हणाली,
आणि स्वतःशीच हसून नोट उलटी केली.

जाताना भिंग तिच्याच हातात राहिलं.
मी मागितलं नाही.